जास्तीचं वेटोळं

क्षणभर डोळे मिटा बरं. समजा, तुमच्या हातात एक दोर आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला चक्क वारा बांधलाय. दोर ओढला की शीड आत येतं. सैल सोडला की शिडाखालचा आडवा दांडा झुलत पार बाहेर जातो आणि शिडातला वारा निसटतो. वेळेवर पूर्ण सोडता आला नाही, तर जोराच्या झोतात होडी उलटी! आता डोळे उघडा, कारण आपली टिटवी रडायच्या बेतात आहे.

टिटवी दहा वर्षांची. सारखी कटकट करते म्हणून आतेभावाने, म्हणजे दादाने, ठेवलेलं हे नाव. आत्याच्या होडीत असा दोर चार कप्प्यांतून ओवलेला होता, आणि तो झिजून एका जागी सुतळीएवढा उरला होता. आत्या म्हणाली होती, "नवा तू निवड, तूच घाल. मग उद्याच्या शर्यतीत दोर तुझ्या हातात."

सकाळी टिटवीने दुकानातला सगळ्यात जाड दोर उचलला. जाड म्हणजे मजबूत, नाही का?

"अगं, कप्पीतून अजगर जाईल का?" दुकानदार म्हणाला. तिने ऐकलं नाही. पहिल्याच कप्पीत दोर असा रुतला, की तो उलटा ओढून काढताना तिच्या तळहातांची सालपटं निघाली.

मग तिने नीट माप घ्यायचं ठरवलं. हात पोचावा म्हणून दांडा आत ओढला, चारही कप्प्यांमधून जाणाऱ्या दोराला सुतळी लावून मोजलं. जुन्या दोराचं उरलेलं वेटोळं पायाशी पडलं होतं. ते तिला उगाच जास्तीचं वाटलं.

"आलीस? गिळलं नाही वाटतं अजगराने," असं म्हणत दुकानदाराने सुतळीच्या मापाने बारीक दोर कापून दिला. त्या जाडीचं रीळ तिथेच संपलं.

आत्याने शिकवल्याप्रमाणे टिटवीने नव्या दोराचं टोक जुन्याच्या टोकाला शिवलं. जुना ओढला तसा नवा त्याच्या मागोमाग चारही कप्प्यांतून सुळकन आला. तिने टोकाला गाठ मारली.

"शाबास टिटवे! सोड आता," दादा म्हणाला.

तिने सोडला. दांडा अर्ध्यावर गेला आणि गाठ कप्पीवर ठक्कन आपटली. दोर आखूड!

"तुकडा जोड की."

"जोडाची गाठ कप्पीतून जाईल का रे, शहाण्या?"

"मग एक कप्पी गाळ. तिघींतून ओव, पुरेल."

तोंड फुगवून तिने तसं केलं. दांडा पार बाहेर गेला. पण परत आत ओढताना ती बसल्या जागेवरून घसरत पुढे गेली. चौघींत वाटलेलं ओझं आता तिघींवर होतं, आणि बाकीचं तिच्या दंडावर. दादाने मात्र दोर सहज ओढला.

"दात काढू नकोस!" टिटवी ओरडली.

तेवढ्यात धक्क्यावरून आत्याची हाक आली. "झालं का गं?"

चौथी कप्पी अजून हाताशीच होती. तिच्यातून दोर पुन्हा ओवला असता, तर तो टिटवीलाही ओढता आला असता आणि शीड आत असेपर्यंत आत्याला काही कळलं नसतं. कळलं असतं ते उद्या, भर वाऱ्यात.

टिटवी धक्क्याकडे वळली. "झालं. पण उद्या दोर दादा धरेल."

"का?"

"मी आखूड आणला. ते वेटोळं मोजलंच नाही. दांडा बाहेर गेला की ते लागतं, हे आधी कुणी सांगितलं का मला?"

"नाही सांगितलं," आत्या म्हणाली. "चूक माझीही. पण उद्या दोर दादाच धरेल."

दादा या वेळी हसला नाही. टिटवीने बादलीला एक सणसणीत लाथ घातली. मग जुना दोर धक्क्यावर ओढत नेला, वेटोळं सोडवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरला, आणि नाक ओढत, गुडघ्यांवर सरकत, सुतळी लावून पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.