वीतभर अंतर

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण मला बघून कुणी सायकल म्हणणार नाही. मला ना चाकं, ना सीट. लोखंडी टेबलावर माझा मधला तुकडा वेल्ड केलाय, तेवढीच मी. पायडलं मात्र आहेत, ती हातानं फिरवायची. सोळा वर्षं रस्त्यानं पळाले तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका जागी बसले आणि कौतुक सुरू झालं. नशीब बघा.

ती सोळा वर्षं मला एक रंगारी चालवायचा. हँडलला रंगाचे डबे आणि तोंडात शीळ. एके दिवशी तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. मणक्याला मार बसला, बेंबीपासून खालचं अंग गेलं. चाकाच्या खुर्चीत बसून घरी आला तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्याकडं बघून बायकोला म्हणाला, "हिला विकून टाक."

त्याची बायको शिवणकाम करायची. ती त्याला खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत उचलायची, दिवसातून सहा वेळा. तो काही कापसाची गादी नव्हता. तीन महिन्यांत तिची कंबर बोलायला लागली. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांनी सरळ सांगितलं, "दादा, हिची कंबर गेली तर घरात दोन खुर्च्या लागतील. खुर्ची ते पलंग वीतभर अंतर आहे. ते तुमच्या हातांनी ओलांडायचं. हातात दम आणा."

रंगाऱ्याचा मेहुणा वेल्डर. त्यानं मला विकू दिलं नाही, हातांच्या व्यायामासाठी कापलं. दुखलं, खोटं कशाला सांगू. साखळीला एक जड थाळी जोडली, तिच्यावर ब्रेकचं रबर. स्क्रू पिळला की मी जड व्हायचे. पण पायडलं ठेवली पायाचीच, एक वर एक खाली. रंगाऱ्यानं ती हातानं फिरवली आणि तो डावीउजवीकडं होडीसारखा डुलायला लागला. तिसऱ्या फेरीला बायकोच्या अंगावर.

"भावोजी, जरा ताठ बसा की."

"ताठ बसवणारं अंगच गेलंय, शहाण्या. तुझ्या टाळक्यात अजून पायच फिरतायत."

मेहुण्यानं एक पायडल दांड्यासकट उलटं बसवलं. आता दोन्ही हात एकदम पुढं, एकदम मागं. डुलणं थांबलं.

पहिल्या दिवशी चार मिनिटांत गडी घामेघूम, तोही फक्त वरच्या अर्ध्या अंगात. महिन्यानं वीस मिनिटं. मग स्क्रू पिळायचा, परत पहिल्यापासून. मी लोखंडाची, पण त्याची चिकाटी बघून मलाच लाज वाटायची. दंड असे भरले की बायकोला त्याच्या सदऱ्याच्या बाह्या उसवाव्या लागल्या.

पण एक गोष्ट मनाला अजून लागते. एका सकाळी त्याचा पाय खुर्चीवरून घसरला आणि माझ्या टेबलाच्या कडेला टेकला. वेल्डिंगची कड, करवतीसारखी. वर हात फिरत होते, खाली पाय घासत होता. त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं, पण मला तोंड कुठं? मी जमेल तेवढी कुरकुरले. त्यानं मला तेल घातलं.

मोजा लाल झाला तेव्हा बायकोनं पाहिलं. जखम दोन महिने भरेना. मला कोपऱ्यात ढकललं, माझ्यावर कपडे वाळायला लागले. साखळी गंजली. त्याचे दंड उतरले. बायको परत उचलायची, आता दातावर दात ठेवून.

जखम भरली तशा व्यायामाच्या बाई परत आल्या. माझ्यावरचे कपडे बाजूला केले आणि रंगाऱ्याच्या हातात एक छोटा आरसा दिला. "जिथं कळत नाही, तिथं बघायचं. रोज, आधी आणि नंतर." मेहुण्यानं माझी कड घासली, वर ट्यूबचं रबर चढवलं. तेव्हापासून रंगारी आधी आरशात टाचा, घोटे बघतो, भिंत रंगवण्याआधी पोपडे बघावेत तसा. मग मला हात लावतो.

चार महिन्यांनी त्यानं परांचीची एक जुनी फळी मागवली. कापली, स्वतः घासून गुळगुळीत केली आणि खुर्चीपासून पलंगापर्यंत टाकली. खुर्चीचा ब्रेक लावला. बायको हात पुढं करून उभी.

"हात मागं घे."

"अहो, पडलात तर?"

"खाली फरशी आहे. तीन मजले नाहीत."

त्यानं तळवे टेकले, अंग उचललं, सरकला. परत उचललं. तिसऱ्या वेळी तो पलंगावर होता.

बायको रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. "कंबर टेकते जरा," म्हणाली, आणि बराच वेळ उठलीच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला वेळेवर तेल घाला, ते हवंच. पण कधी कुरकुर ऐकू आली, तर तेलाची बाटली उचलायच्या आधी एकदा खाली वाकून बघा.