पडतं घेणारा गडी

कोचनं टोपीला हात लावला. म्हणजे पुरुषोत्तमनं आता पडायचं.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या त्या टीममध्ये त्याचं खरं काम तेवढंच. आयटीत टेस्टर, वय त्रेचाळीस, वजन एकशे अकरा. वजन बघूनच अमेरिकन फुटबॉलच्या डिफेन्समध्ये त्याची वर्णी लागली होती. टीमचे अटॅकवाले चार मिनिटांत हात हलवत परत यायचे, की डिफेन्सवाले पुन्हा मैदानात, पाण्याचा घोट घशाखाली उतरायच्या आत. तिसऱ्या क्वार्टरला सगळ्यांच्या जिभा बाहेर. अशा वेळी कुणी पाय धरून कोसळलं की खेळ थांबतो आणि बाकीच्या दहा जणांना श्वास मिळतो. कोचनं एकेकाला पाडून बघितलं. बाकीचे पडताना हसायचे. पुरुषोत्तम असा पडायचा, की समोरच्या टीमचा फिजिओ धावत यायचा. ऑफिसात, घरात, पार्किंगवरून शेजाऱ्याशी, जन्मभर पडतंच घेतलेलं. सराव दांडगा.

पण आज २००६ची फायनल होती, आणि त्याची मुलगी सारा पहिल्यांदाच मॅचला आली होती. चौदा वर्षांची. शाळेत तिला कुणीतरी विचारलं होतं, तुझे डॅड तेच ना, जे पडतात? सकाळी गाडीत खिडकीबाहेर बघत ती म्हणाली होती, "बाबा, मी येते. पण आज तू पडायचा नाही."

त्यानं शब्द दिला होता.

शेवटचं मिनिट. टीम तीन पॉइंटनी पुढे. कोचनं पुन्हा टोपीला हात लावला, मग टोपी काढून आपटली. शेजारी नागपूरचा परीक्षित गुडघ्यांवर हात टेकून ओकायच्या बेतात.

"काका, पडा ना हो. जीव चाललाय माझा."

"आज नाही," पुरुषोत्तम म्हणाला. आयुष्यात हे दोन शब्द त्यानं पहिल्यांदा उच्चारले, आणि नेमके इथे.

बॉल सुटला. परीक्षित जागचा हललाच नाही. बाकीच्यांनी धावण्याचा नुसता विचार केला. समोरचा गडी बॉल काखेत मारून त्यांच्यामधून असा गेला, जसा कुणी सकाळी दूध आणायला निघालाय. पुरुषोत्तम ताठ उभा होता. भलत्याच जागी.

बॉल शेवटच्या रेषेपार, सहा पॉइंट. हरले. कोच ओरडलासुद्धा नाही. जर्सी धुऊन परत आणून दे, एवढंच म्हणाला. परीक्षित पुरुषोत्तमकडे न बघता मिनीबसमध्ये जाऊन बसला.

पुरुषोत्तम बाकावर टेकला. तेवढ्यात चिप्सचा पुडा घेऊन सारा आली. क्यू केवढा मोठा होता, वीस मिनिटं उभी होते, असं काहीतरी सांगत होती. मग रिकामं मैदान बघून थांबली.

"संपली मॅच? बाबा, तू पडला?"

नाही म्हणावं, तर का हरलो ते सांगावं लागणार.

"पडलो गं."

तो हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा सोडवत होता, पण बक्कल काही निघेना. थोडा वेळ तिनं ते बघितलं. मग शेजारी बसली आणि हेल्मेटच्या जाळीतून एक चिप आत सरकवली.