दहापैकी दहा

"ठेव ती सुरी! अगं, सुरी ठेव आधी!"

हे खुर्चीतून असे ताडकन उठले की मला वाटलं, ह्यांना काहीतरी चावलं. मी ओट्याशी गाजरं चिरत होते. खरं म्हणजे सुरी हातात नुसतीच होती, चिरणं केव्हाच थांबलं होतं. बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड फिरत होती आणि एक बाई गात होती. खोल, संथ, जड आवाज. एकेक सूर असा धरून ठेवत होती की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

"थांबली होती ना सुरी?" ह्यांनी दारात येऊन विचारलं.

"थांबली होती."

"कितव्या गाण्याला?"

"पहिल्याच. अहो, पण ही आहे कोण?"

"नाव काढू नकोस! पाकीट बघूही नकोस!" असं ओरडून हे पुन्हा धावत खुर्चीत जाऊन बसले, खिडकीकडे तोंड करून. वय वर्षे चौपन्न.

हे नोकरीने वजनकाट्यांचे तपासनीस. दुकानात जायचं, काटा खरा आहे की खोटा ते बघायचं, खरा असला तर शिक्का मारायचा. आणि एका साप्ताहिकात दर आठवड्याला गाण्यांच्या तीन अल्बमांवर लिहायचं. एक स्विंगचा, एक सोलचा, एक पॉपचा. खाली सही 'कानसेन'. तानसेन होता येत नाही त्याने निदान कानसेन व्हावं, हे आपण सगळेच म्हणतो. ह्यांनी ते मनावर घेतलं. ह्यांचा स्वतःचा गळा असा की बाथरूममध्ये गायला लागले तर शेजारी विचारतात, नळ कधी दुरुस्त करताय?

पण कान मात्र खरे होते. मला ह्यांनीच शिकवलं. स्विंग गाणारी तालाच्या अर्धं पाऊल मागून चालते आणि तरी गाडी चुकवत नाही. सोल गाणारी पोटातून हाक मारते. आणि पॉप गाणारीला तीन मिनिटांत तुमच्या घरात शिरून, बसून, चहा पिऊन निघायचं असतं. तिघींनाही सोपं काहीच नाही.

प्रत्येक अल्बम तीनदा ऐकायचा, हा ह्यांचा नेम. पहिल्यांदा मी घरकाम करत असताना. माझा हात थांबला की एक गुण तिथेच. दुसऱ्यांदा डोळे मिटून. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. आणि लिहून होईपर्यंत पाकीट, नाव, फोटो, काहीही बघायचं नाही. "पाकीट वाचून ऐकलं की कान पाकिटाचे होतात," असं हे म्हणायचे. म्हणून रेकॉर्ड लावायचं काम माझं. हे खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि मी पाकिटातून काढून, चकतीवर ठेवून, सुई टेकवायची. एकोणीस वर्षं. आणि त्या एकोणीस वर्षांत दहापैकी दहा कुणालाही मिळाले नव्हते. एकदा एकीला साडेआठ दिले, तर हे दोन दिवस बेचैन होते, अर्धा गुण जास्त तर नाही ना गेला म्हणून.

त्या शनिवारी ह्यांनी दहा दिले. मला लिहिलेलं वाचून दाखवलं: 'एका अल्बमात तिन्ही घराण्यांची गाणी आणि तिन्हींत एकच बाई, जिने आयुष्य पाहिलं आहे. ही पन्नाशीच्या पुढची असणार. एवढा लांब श्वास मी आजवर ऐकलेला नाही. वाजवणारेही तिच्या मानाने हळू चालतात, जणू घरातलं वडीलधारं माणूस सोबत आहे.' मी चार वाजताच्या पाळीला औषधाच्या दुकानात पोचले ती गुणगुणतच.

मग आठवडाभर घरात लग्नघराची गडबड. फोन खाली ठेवायची सोय नाही. रेकॉर्डच्या दुकानदाराने कळवलं, सगळ्या प्रती संपल्या. संपादकांनी कळवलं, अंक पुन्हा छापावा लागतोय. ह्यांच्या ऑफिसात साहेबांनी उठून हात मिळवला. दोन वाचकांनी तेवढं कुरकुरत लिहिलं, की आम्ही रेकॉर्ड आणली, पण तुम्ही म्हणता तो खोल आवाज आम्हाला कुठेच सापडला नाही. ह्यांनी ती पत्रं मला हसत हसत दाखवली. "कान लागतात ऐकायला," म्हणाले. मलाही बाई अभिमानच वाटला.

आणि शुक्रवारी आमंत्रण आलं. रविवारी संध्याकाळी त्याच गायिकेचा कार्यक्रम, पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या कानसेनांसाठी. ह्यांनी बुटांना स्वतः पॉलिश केलं. मी निळा रेशमी स्कार्फ काढला.

पडदा सरकला आणि एक बावीस-तेवीस वर्षांची पोरगी उड्या मारत आली. मला वाटलं, ओळख करून द्यायला आली असेल. पण तिनेच माईक हातात घेतला आणि गायला लागली. गाणं तेच. आवाज मात्र बारीक, तरतरीत, धावता. अंगात नुसता आनंद भरलेला. लोक टाळ्या वाजवू लागले.

ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. तिसऱ्या ओळीला हलकेच म्हणाले, "पंचेचाळीस."

"काय पंचेचाळीस?"

ह्यांनी डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटाने ताल मोजायला घेतला.

कार्यक्रम संपल्यावर ती पोरगी धावतच आमच्याकडे आली. आली ती थेट माझ्या गळ्यातच पडली. "काकू! काका! आईने तुमचं लिहिलेलं फ्रेम करून लावलंय! येईल त्याला दाखवते. फक्त काका, एक कळलं नाही. तो लांब श्वास मी नेमका कुठे धरलाय? मी आठवडाभर शोधतेय."

"उद्या घरी ये," हे म्हणाले. "ऐकवतो."

घरी आल्यावर ह्यांनी पहिल्यांदाच रेकॉर्ड स्वतः काढली आणि दिव्याखाली धरली. मोठी रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्या फिरते आणि लहान असते ती पंचेचाळीस, हे मला एकोणीस वर्षं माहीत होतं. ही मोठी होती. म्हणून मी खटका तेहतीसवरच राहू दिला होता. लेबलावर मात्र बारीक अक्षरांत छापलं होतं, पंचेचाळीस. पाळीची वेळ होत आली होती. मी फक्त बाजू पहिली की दुसरी, एवढंच बघितलं होतं. आम्ही ते गाणं तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा पाऊणपट गतीने ऐकलं.

"अहो, मी..."

"झोप आता," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली. ह्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं आणि खटका तेहतीसवर ठेवून रेकॉर्ड लावली. आधी ती पोट धरून हसली. "अगंबाई, ही तर माझी आत्या!" मग दुसरं गाणं सुरू झालं, सोलचं, आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं. ती गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"ही मीच ना, काका?"

"तूच."

"मग दहा राहू द्या ना. कुणाला कळणार आहे? पुढच्या महिन्यात माझा दौरा आहे. आई सगळ्यांना सांगत सुटलीये."

माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, राहू द्या म्हणून. पण हे म्हणाले, "पोरी, हिला दहा दिले होते मी. ही अजून जन्मायची आहे. तुला मी अजून ऐकलंच नाही. आज ऐकतो. तीनदा."

ती उठली, चपला घालून निघून गेली. दार मीच लावलं.

संपादकांचा फोन संध्याकाळी. ते एवढ्या मोठ्याने बोलत होते की मला ओट्याशी ऐकू येत होतं. "कानसेन, झाकली मूठ सव्वा लाखाची! खप कधी नाही एवढा वाढलाय. आता चूक छापली तर लोक आपल्याला हसतील."

"मूठ झाकली तरी आत काय आहे ते मला ठाऊक आहे."

"छापायला मी नाही म्हणत नाही. पण त्यानंतर सदर चालू ठेवता येणार नाही मला. ज्याला रेकॉर्डचा स्पीड कळत नाही त्याचे गुण कोण मानणार?"

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "शेवटचं म्हणून छापा," म्हणाले.

मला रडू आवरेना. "लावली मी होती," मी म्हणाले. "लेबल मी वाचलं नाही. तसं लिहा. तुमचं सदर कशाला जातंय?"

"कान कुणाचे होते?" हे म्हणाले. "काटा खोटा निघाला तर मी काटा आणून देणाऱ्याला धरतो का? शिक्का माझा होता."

मग आम्ही ऐकायला बसलो. पंचेचाळीसवर, नेमाने तीनदा. मी काकड्या चिरल्या. सुरी दुसऱ्या गाण्याला एकदा थांबली, कडव्याच्या शेवटी, जिथे ती पोरगी आपणहून हळू होते. ह्यांना न बघताच कळलं. अशा दिवशीसुद्धा हे खुर्चीत टुणकन उडाले. "तिथेच! अगं, तिथेच आहे ती!"

शेवटचं सदर छोटंसं होतं. लिहिलं होतं: 'मी ही रेकॉर्ड चुकीच्या गतीवर लावली आणि जी गायिका अजून झालेली नाही तिला दहा गुण दिले. ते मी परत घेतो. खऱ्या गतीवर हा अल्बम साडेसहाचा आहे. पण दुसऱ्या गाण्यात कडव्याच्या शेवटी ती जिथे थबकते ते जरूर ऐका. ह्या मुलीला वीस वर्षं द्या.' खाली सही कानसेन अशी नव्हती. ह्यांचं खरं नाव होतं, पहिल्यांदाच.

अंक निघाला त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला होते. रांग दारापर्यंत. आमच्या नेहमीच्या एक बाई हसत हसतच पुढे आल्या. "वाचलं हो! तुमच्या मिस्टरांनी रेकॉर्डच चुकीची लावली म्हणे! एवढी वर्षं ऐकून साधा स्पीड कळू नये?"

मागचे दोघे-तिघेही हसले.

"ह्यांनी नाही लावली," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "मी लावली होती. एकोणीस वर्षं मीच लावते."

औषध देणारा आमचा कंपाउंडरसुद्धा वळून बघायला लागला.

"अगंबाई," त्या बाई म्हणाल्या. "मग त्यांनी स्वतःवर का घेतलं?"

ह्याचं उत्तर मला येत होतं. पण ते रांगेसमोर बोलता येईना. मी मान खाली घालून त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर वेळा लिहायला घेतल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. पाकीट उचलून त्यांनी बघितलं आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवलं.

"अहो, दोन्हीकडे सकाळच लिहिलंय तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.