पळून आल्यावरचं रक्त

साठी ओलांडल्यावर गोपाळरावांना पळण्याचं वेड लागलं. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस आता बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरायला निघाला होता. अडसर एकच, प्रेमलाबाई. नवऱ्याच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व तळाला गेलंय हे कळल्यावर त्यांनी अट घातली होती, आकडा तिशीपार गेला तरच शर्यत.

गोपाळरावांना तो आकडा अपमानासारखा लागला. सोलापूरकराला उन्हाची कमतरता? त्यांची मुलगी उत्कर्षा कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. तिने समजावलं, की इथले पळणारे उन्हाला भिऊन अंधारातच उरकतात, तेही लांब बाह्या अन् टोपी घालून. अंगाला ऊन लागणार कधी?

"घुबडं आहेत नुसती," प्रेमलाबाईंनी सार काढलं.

डॉक्टरांनी औषध दिलं. शिवाय गोपाळराव दुपारचे अंगणात उघड्या अंगाने बसू लागले. शेजारचे वीरभद्रप्पा जाता-येता विचारायचे, पापड वाळले का म्हणून.

दोन-अडीच महिन्यांनी, एका रविवारी संध्याकाळी, ते नवा रिपोर्ट नाचवतच घरात आले. चौतीस. प्रेमलाबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. उत्कर्षाने ती तोंडात टाकली नाही.

"बाबा, रक्त कधी दिलंत?"

"सकाळी पळून आलो तसाच गेलो की लॅबमध्ये. म्हटलं, रक्त कसं सळसळतंय, आत्ताच द्यावं."

तीन तास घाम गाळल्यावर रक्तातलं पाणी उणावतं, हे तिला ठाऊक होतं. आमटी आटली की खारट लागते. मीठ काही वाढलेलं नसतं. गप्प बसली असती तर घरात सण होता. पण तो आकडा तिच्या घशाखाली उतरेना. तिने सांगून टाकलं. गोपाळराव बूट काढू लागले.

मग दोन दिवस विश्रांती, भरपूर पाणी आणि पुन्हा रक्त. या वेळी रिपोर्ट उत्कर्षानेच उघडला. एकतीस.

"आटलेलं नाही ना हे?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"नाही आई. हे खरं आहे."

"मग पळा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण सराव उजाडल्यावर. मलाही बघू दे की, कसे पळता ते."

पुढच्या रविवारी कोवळ्या उन्हात, अर्ध्या बाह्यांचा बनियन घालून गोपाळराव नवी पेठेतून पळत निघाले. शटर वर करणारे दुकानदार हात थांबवून बघत राहिले. मागून उत्कर्षाची स्कूटर, आणि तिच्यामागे बसलेल्या प्रेमलाबाई साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, "पाय उचला, पाय!"