कोरडा चंबू

खंडेनवमीच्या सकाळी आबाजी विहिरीवर हत्यारे धूत होता. घरचा कोयता, पहार आणि नांगराचा फाळ पहाटेच धुऊन झाले होते. ही हत्यारे तो ज्यांच्याकडे कामाला होता त्या गुप्ते मास्तरांची, म्हणजे सगळी काचेची. त्यांत गोल बुडाचा चंबूही होता. तो मास्तरांनी तीन दिवस शेगडीजवळ ठेवून वाळवला होता आणि कोरडाच राहू दे, असे बजावले होते. पण आंघोळ न घालता पूजा करायची कशी, हे आबाजीला कळेना. शेवटी त्याने चंबूही धुतला, उलटा धरून झटकला आणि पंच्याने बाहेरून लख्ख पुसला. अरुंद मानेतून पंचा आत जात नव्हता. आत राहिलेल्या चार थेंबांनी काय होणार, असे त्याला वाटले.

बॉम्बच्या भीतीने मुंबई सोडून मास्तर दहिवलीला आले, त्याला वर्ष होत आले होते. कॉलेज सुटले तरी प्रयोग सुटले नव्हते. कपाटात त्यांची एकच मोलाची बाटली होती, अ‍ॅक्रिलॉइल क्लोराइडची. बूच काढले की डोळ्यांना धारा लागत, म्हणून आबाजी तिला रडवी म्हणे. तिच्यापासून पडली तरी न फुटणारी काच होईल, असे मास्तर सांगत. आबाजीने आजवर चार भांडी फोडली होती, त्यामुळे या काचेची घाई मास्तरांपेक्षा त्यालाच जास्त. मात्र रडवी बनवायला लागणारा विलायती माल लढाईमुळे बंद झाला होता. दुसरी बाटली आता होणार नव्हती.

पूजा झाली. मास्तरांनी चंबूवरचे झेंडूचे फूल बाजूला केले आणि रडवी उघडली. डोळे वाचवायला तोंड फिरवून ओतायची त्यांची सवय होती. तशीच त्यांनी सगळी बाटली चंबूत रिकामी केली. चंबूत फसफसले, पांढरा धूर उसळला. आबाजीला वाटले, आग लागली. पूजेचा तांब्या घेऊन तो धावला आणि सगळे पाणी चंबूवर ओतले. मास्तरांनी हात वर केला, पण तोवर चंबू तडकून सगळे वाहून गेले होते.

दोघे खोकत अंगणात येऊन बसले. दोघांचेही डोळे वाहत होते.

"मास्तर, पान्यानं तं समदं इझतं," आबाजी म्हणाला. "ह्ये पेटलं कसं?"

"पेटलं नाही रे. जो पहिला भेटेल त्याचा हात ते धरतं. मी दुसऱ्याशी गाठ घालून देणार होतो. पाणी आधी भेटलं."

एवढे बोलून मास्तर आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी दसरा असूनही आबाजी घरातून हलला नाही. मास्तरांना सोने द्यायला जायचे त्याला धाडस होईना. कामावरून काढले की नाही हेही कळेना. काम गेले तर गेले, पण मास्तरांचा विश्वास गेला, याचे त्याला फार वाईट वाटत होते. चूक तरी नेमकी कुठे झाली? जन्मभर पाण्यानेच तर सगळे स्वच्छ केले होते.

उन्हे कलली तेव्हा आपट्याची पाने घेऊन मास्तरच दारात उभे राहिले. आबाजी गडबडून उठला. त्याची बायको सुंदरा रीतीप्रमाणे तांब्या भरून बाहेर आली, तसा तो मध्ये पडला.

"पानी नको गं," तो म्हणाला.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. "चालत आलोय."

ओट्यावर बसून त्यांनी तांब्या उंच धरला आणि सगळे पाणी पिऊन टाकले. मग आपट्याची पाने आबाजीच्या हातावर ठेवली.

"उद्या ये. काचा तशाच पडल्यात. मी हात लावला नाही."

मास्तर गेले. आबाजीने रिकामा तांब्या उपडा केला, खांद्यावरचा पंचा काढला आणि हात आत घालून तो कितीतरी वेळ तांब्या पुसत राहिला.