वाचून दाखवला, समजला, मान्य

वकीलबाईंच्या टेबलावर पूर्वी कागदांचा नुसता ढीग असायचा. हल्ली टेबल कसं लख्ख! अशील बोलायला लागलं की फोन पुढे ठेवायचा. एआय ते बोलणं ऐकणार आणि अर्ध्या तासात प्रतिज्ञापत्र हातात. विधी महाविद्यालयात दर शनिवारी बाई याच विषयाचा वर्ग घेत. "यंत्राला घाबरू नका, त्याच्यावर स्वार व्हा!" असं त्या म्हणाल्या की मुलं टाळ्या वाजवत, आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडायचंही.

त्यांचे जुने कारकून काका मात्र नाक मुरडायचे. तीस वर्षं त्यांचा एकच हट्ट होता. सहीआधी अख्खा मजकूर अशिलाला मोठ्याने वाचून दाखवायचा.

शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या त्या दिवशीही काका म्हणाले, "बाई, एकदा वाचून दाखवू का?"

"काका, अहो जग कुठे चाललंय! बाहेर चार जण खोळंबलेत. मावशी, करा सही."

मावशींना वाचता येत नव्हतं, पण सही मोठ्या ऐटीत करत. बावीस वर्षं त्या एका भाड्याच्या खोलीत मशीन चालवत होत्या. मालकाने दुरुस्तीसाठी म्हणून चावी घेतली, आणि चार दिवसांनी पाहतात तर दाराला नवं कुलूप! मशीन आत, गिऱ्हाइकांचे कपडे आत, मावशी बाहेर. ती खोली परत मिळाली तरच त्यांचं पोट चालणार होतं.

सुनावणीला बाईंनी मुद्दाम आपले आठ विद्यार्थी बोलावले. ते मागच्या बाकावर वह्या सरसावून बसले होते.

मालकाचे वकील उठले. "मावशी, ही सही तुमची?"

"माझीच की."

"मग ऐका. 'मी खोलीची चावी स्वखुशीने मालकाच्या स्वाधीन केली.' हे तुम्हीच लिहून दिलंय ना?"

बाईंनी घाईघाईने पान काढलं. 'दुरुस्तीसाठी' हा शब्द कुठेच नव्हता. मावशींच्या अघळपघळ बोलण्याचं यंत्राने नीटनेटकं वाक्य केलं होतं, आणि त्या नीटनेटकेपणात खरं तेवढं गळून पडलं होतं. खाली ठसठशीत ओळ होती: 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला व मान्य आहे.' तीही यंत्रानेच लिहिलेली! कुणी वाचला होता? कुणीच नाही. स्वतः बाईंनीसुद्धा वरवर डोळे फिरवले होते.

मावशी गोंधळून बाईंकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. माझ्याच तोंडून काहीबाही गेलं असेल, साहेब. मी अडाणी बाई."

अरेरे! ती भोळी बाई आपल्या वकिलाला सांभाळून घेत होती! गप्प बसलं तर बाईंची अब्रू झाकली जात होती आणि मावशींची खोली जात होती. क्षणभर, हो, क्षणभर बाई गप्प बसल्यासुद्धा. त्या क्षणाची लाज त्यांना आजही वाटते.

मग त्या उठल्या. "साहेब, मावशी चुकलेल्या नाहीत. मी चुकले. हा मजकूर यंत्राने लिहिला, मी तपासला नाही आणि मावशींना कुणी वाचून दाखवला नाही. खालची ओळ खोटी आहे."

मागच्या बाकावरची पेनं थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मूळ बोलणं आहे तुमच्याकडे?"

"फोनमध्ये आहे, साहेब."

"ते हजर करा. दुरुस्त प्रतिज्ञापत्र आजच द्या. आणि तुम्ही आत्ता जे बोललात, त्याची नोंद तुमच्या नावानिशी होईल."

बाईंनी मान खाली घालून "हो" म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात काकांनी नवा कागद वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीला मावशी म्हणाल्या, "थांबा, थांबा. चार दिवसांत परत देतो म्हणाला होता, ते घाला." असं त्यांनी पाच वेळा थांबवलं. बाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

"काका, ते यंत्र बंदच करून टाकू," त्या म्हणाल्या.

"छे! यंत्रावर कशाला राग? माझा टाइपरायटरही चुकायचा. पण तो चुकला की चूक डोळ्यांत खुपायची. हे चुकतं तेही झोकात, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. बाई, कागद कुणीही लिहू द्या. ज्याचं आयुष्य त्यात आहे, त्याच्या कानावर तो गेला पाहिजे."

बाईंचे डोळे भरून आले. "मावशी, मला माफ करा."

"अहो, असू द्या. माप न घेता शिवलेला झगा मीही एकदा उसवलाय," मावशी म्हणाल्या आणि सहीला पेन मागितलं.

महिन्याभराने मावशींना चावी मिळाली. पण त्याआधीच, सुनावणीनंतरच्या पहिल्याच शनिवारी, बाईंनी वर्गात स्वतःचं ते पहिलं प्रतिज्ञापत्र खालच्या ओळीसकट मोठ्याने वाचलं. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत.

वाचकहो, नवी साधनं जरूर वापरा. पण दुसऱ्याच्या नशिबाचा कागद करताना त्याला विचारायचा कंटाळा करू नका, कारण यंत्राला लाज नसते, ती आपल्यालाच बाळगावी लागते. बाईंच्या कचेरीत आजही एआय मजकूर लिहितो. फक्त शेवटची ओळ त्याला लिहू देत नाहीत. वाचून दाखवणारा माणूस ती स्वतःच्या हाताने लिहितो आणि खाली आपलं नाव घालतो.