साडेसोळा तास, न बदलता

विमान कंपनीत नोकरी करतो म्हटलं की लोक आधी माझ्या खांद्यांकडे बघतात, पट्ट्या दिसतात का म्हणून. मी विमान चालवत नाही. मी मागणी मोजतो. तुम्ही आमच्या साइटवर जाऊन ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे दोन रकाने भरलेत की माझ्याकडे एक ठिपका उमटतो. तिकीट काढा, नका काढू, ठिपका पुसला जात नाही. अशा ठिपक्यांचा आलेख काढून मी दर सोमवारी बैठकीत दाखवतो, आणि त्यावरून तीनशे माणसांचं विमान कुठल्या दिशेला तोंड करून उभं राहणार ते ठरतं.

बैठकीत समोर आमचे साहेब असतात. लांब पल्ल्याच्या मार्गांचे प्रमुख. त्यांना आम्ही पल्लेदार म्हणतो, कारण त्यांचं एक वाक्य सुरू झालं की मध्ये कुठेही उतरता येत नाही.

गेल्या वर्षी एका शहराचे ठिपके अचानक वाढले. हे शहर पार पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिथे कुणाचंच थेट विमान नव्हतं, ना आमचं, ना आमच्याशी चढाओढ करणाऱ्या समोरच्या कंपनीचं. जायचं तर दोनदा विमान बदलायचं. थेट नेलं तर साडेसोळा तास. पूर्वी दिवसाला पाच-सात ठिपके यायचे, ते बघता बघता दोन हजारांवर गेले.

त्या पाच-सातांतला एक माझ्या आईचा होता.

माझी ताई त्याच शहरात राहते. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, त्यामुळे तिला तिथून हलता येत नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. चार वर्षांपूर्वी तिने एकदा हिंमत केली होती. मधल्या विमानतळावर व्हीलचेअर येणार होती, ती आली नाही. आई एका टोकाच्या गेटपासून दुसऱ्या टोकाच्या गेटपर्यंत चालत गेली, आणि ती पोचली तेव्हा विमान गेलेलं होतं. अकरा तास ती लोखंडी खुर्चीवर बसली आणि मिळेल त्या विमानाने परत घरी आली. दारातच तिने जाहीर केलं, “विमान बदलण्यापेक्षा मुलगी बदललेली परवडली.”

मुलगी काही तिने बदलली नाही. रोज सकाळी चहा घेताना टॅबलेट उघडून ती आमच्या साइटवर दोन रकाने भरायची.

“काय बघतेस?”

“सुरू झालं का बघते.”

“अगं, सुरू व्हायचं असेल तर मला आधी कळेल ना!”

“तुला घरातलं मीठ संपलेलं कळत नाही.”

तर दोन हजार ठिपके. पल्लेदार खुश झाले. मी मात्र सवयीने ठिपके कधी येतात ते बघितलं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. शनिवारी-रविवारी सामसूम. रोज दुपारी दीड ते सव्वादोन एकही ठिपका नाही. ज्या माणसाला खरंच कुठे जायचंय तो जेवणाची सुट्टी झाली म्हणून जायची इच्छा बाजूला ठेवत नाही. मग ठिपके कुठून येतात ते बघितलं. जवळपास सगळे एकाच इमारतीतून येत होते. ती इमारत आमच्या ऑफिसपासून तीन गल्ल्यांवर आहे आणि तिच्या गच्चीवर समोरच्या कंपनीची पाटी आहे.

आम्ही हा मार्ग सुरू करतोय का, हे ते लोक दर दोन मिनिटांनी बघत होते. आमचा पाळतीचा विभागही त्यांच्या साइटवर तेच करत होता. म्हणजे आमचे ठिपके त्यांच्याकडे मागणी म्हणून मोजले जात होते आणि त्यांचे आमच्याकडे. दोन्हीकडची मिळून खरी मागणी होती एक आई आणि आणखी पाच-सहा अडलेली माणसं.

समोरच्या कंपनीत माझ्या खुर्चीवर जो बसतो तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. दर रविवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला असतो आणि कामाचं बोलायचं नाही असा बायकोचा नियम आहे. त्या रविवारी त्याने आमटी वाढून घेतली आणि ताटाकडे बघत म्हणाला, “भाऊजी, तुमच्याकडचे लोक एक ते पावणेदोन काही बघत नाहीत.”

“जेवायला जातात.”

“तेच म्हटलं.”

“तुमचे दीडला जातात.”

“आमचं कॅन्टीन उशिरा उघडतं.”

एवढ्यात आम्हा दोघांनाही सगळं कळलं. आई शेजारीच बसून भात कालवत होती.

“तू साहेबांना सांगणार?” मी विचारलं.

“नवीन मार्ग झाला तर त्याचा प्रमुख मी आहे. नाही झाला तर माझी परत सामानाच्या तक्रारींवर बदली. तुम्ही सांगणार?”

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, “काय रे, सुरू होतंय का?”

“ऑफिस नको म्हणून सांगितलं होतं,” बायको म्हणाली.

सोमवारी पल्लेदारांनी आलेखाकडे बोट करून विचारलं, “हे खरं आहे ना?”

“एकूण एक ठिपका खरा आहे, साहेब,” मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

आम्ही तारीख जाहीर केली. समोरच्यांनी आमच्या आधीची केली. आम्ही त्यांच्या आधीची. असं करत दोघंही इतके मागे आलो की आणखी मागे जायला विमानं रिकामी नव्हती. शेवटी दोन्ही विमानं एकाच दिवशी ठरली, वीस मिनिटांच्या अंतराने. ‘सर्वांत पहिले’ असं आम्ही लिहिलं, कारण आमचं आधी सुटणार होतं. त्यांनीही तेच लिहिलं, कारण त्यांचं आधी पोचणार होतं.

आमचं पहिलं तिकीट आईने काढलं. पल्लेदारांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि साडेसोळा तासांच्या अखंड प्रवासातून मानवी नात्यांची नवी क्षितिजं कशी खुली होतात यावर एक वाक्य बोलले. आई ते संपेपर्यंत व्हीलचेअरवर शांत बसून राहिली आणि म्हणाली, “मध्ये उतरवू नका म्हणजे झालं.”

पोचल्यावर तिचा फोन आला.

“विमान कसं होतं?”

“रिकामं. चाळीसेक माणसं असतील, पण सगळी अगदी कामसू. एक जण पट्टीने सीटमधलं अंतर मोजत होता. एकट्याला जमेना, मी दुसरं टोक धरलं. एकाने जेवणाचे फोटो काढले. एक बाई दर तासाला बाथरूममध्ये जाऊन वहीत काहीतरी लिहायची. तिला काही त्रास असेल.”

ती सगळी समोरच्या कंपनीची माणसं होती. आमची चाळीस त्यांच्या विमानात पट्ट्या घेऊन बसली होती.

“ताई भेटली?”

“भेटली. म्हणाली, तुझी उंची कमी झाली. मी म्हटलं, तुझे केस पांढरे झाले.” मग तिचा आवाज मध्येच तुटला. आमच्या फोनचा आवाज जातो अधूनमधून.

मार्ग सुरू झाला आणि ठिपके बंद पडले. सुरू झालं का, हे बघायचं आता कुणालाच कारण नव्हतं. आलेख दोन हजारांवरून जो खाली आला तो थेट पाच-सहावर टेकला. दोन महिने विमान रिकामं जात-येत राहिलं. “मागणी गेली कुठे?” पल्लेदारांनी विचारलं. त्यांचं इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मी अहवालात लिहिलं, ‘प्रवाशांचे कुतूहल शमले असावे.’ मार्ग बंद झाला. समोरच्यांनी त्याच दुपारी त्यांचाही बंद केला, कारण आम्ही केला होता.

आईचं परतीचं तिकीट त्यानंतर तीन आठवड्यांनी होतं.

“आई, येताना विमान बदलावं लागेल गं.”

“मग नाही येत.”

“कायमची?”

“ते तू बघ. तूच मोजतोस ना?”

मागे ताईचा आवाज आला, “राहू दे की तिला!” आणि फोन बंद झाला.

घरी सकाळी दोनच कप लागायला लागले. आईचा टॅबलेट तिच्यासोबत गेला होता, त्याचा चार्जर मात्र टेबलावरच राहिला होता. तो कुणी उचलला नाही.

रविवारी मेहुणा आला. त्याची सामानाच्या तक्रारींवर बदली झाली होती, पुढल्या सोमवारपासून. आम्ही जेवत होतो. बायकोने वाटी जरा जोरातच टेबलावर ठेवली.

“मला काही कळत नाही असं समजू नका. आईंना तुम्ही दोघांनी मिळून पाठवलंत. आता दोघांनी मिळून आणा.”

“तूच म्हणतेस ना, ऑफिस नको?” मी म्हणालो.

“आता बोला.”

मेहुण्याने घास खाली ठेवला. “भाऊजी, समजा आमच्याकडून परत कुणी तुमच्या साइटवर बघायला लागलं. या खेपेला तिकडून इकडे.”

“कोण बघणार?”

“माझ्या खुर्चीवर अजून आठवडाभर मीच आहे. आमच्या पाळतीवाल्यांना मी म्हटलं की तुम्ही परत सुरू करताय, तर ते लागलीच कामाला लागतील. तुम्ही तुमच्यांना तेच सांगा.”

मी विचार केला. “पण दीड ते सव्वादोन थांबता कामा नये. या वेळी माझ्याशिवाय दुसरं कुणी बघितलं तर?”

“त्या वेळेचं मी बघतो.”

सोमवारी मी ऑफिसात पोचलो तेव्हा त्या मार्गावर एकच ठिपका होता. तिकडच्या वेळेप्रमाणे सकाळच्या चहाचा. दहा वाजता तीन गल्ल्यांवरून ठिपके यायला लागले. बारापर्यंत चारशे झाले. पल्लेदार माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी एका वाक्याला सुरुवात केली.

दीड वाजला. पावणेदोन झाले, दोन झाले, सव्वादोन झाले. ठिपके कमी झाले, पण एका मिनिटाचाही खंड पडला नाही. सगळे एकाच हाताचे वाटत होते.

मेहुणा जेवला नव्हता.